डॉक्टर डूमला जगाचा विनाश करायचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘अ‍ॅव्हेंजर्स : डूम्सडे’ या आगामी चित्रपटाविषयी आलेला लेख वाचला. चित्रपट 18 डिसेंबर 2026 रोजी प्रदर्शित होणार आहे, त्यात रॉबर्ट डाउनी ज्युनिअर हा अभिनेता डॉक्टर डूमची भूमिका करणार आहे, आयर्न मॅन म्हणून प्रेक्षकांनी डोक्यावर घेतलेला चेहरा आता खलनायकाच्या मुखवट्याआड जाणार आहे आणि ही घोषणा जुलै 2024 मध्ये सॅन दिएगो येथील कॉमिक-कॉन मेळाव्यात झाली, ही सगळी माहिती लेखात सविस्तर होती. मात्र ज्याच्यावरून चित्रपटाचे नाव ठेवले आहे त्या पात्राची ओळख ‘जगाच्या विनाशासाठी टपलेला क्रूरकर्मा’ एवढ्यावरच उरकली होती. डूमच्या चित्रकथा अनेक वर्षे वाचत आलेला वाचक म्हणून या ओळखीला माझी हरकत आहे. येत्या काळात हे पात्र पडद्यावर आणि कागदावर वारंवार भेटणार असल्यामुळे ती वेळीच नोंदवलेली बरी.

डूमला जगाचा विनाश करायचा नाही. त्याला जग चालवायचे आहे आणि ते आपल्याखेरीज दुसऱ्या कोणालाही धड चालवता येणार नाही, अशी त्याची पक्की खात्री आहे. साठ वर्षांहून अधिक काळ लिहिल्या जात असलेल्या त्याच्या कथांमधली सगळी गंमत आणि सगळी भीती या खात्रीतून येते. जग उडवून द्यायला निघालेल्या माणसाशी नायक लढतात तेव्हा वाचकाला डोके चालवावे लागत नाही, कारण कोणाची बाजू घ्यायची हे पहिल्या पानावरच ठरलेले असते. ज्याच्या राज्यात कोणी उपाशी झोपत नाही, चोऱ्यामाऱ्या होत नाहीत आणि राजाविरुद्ध ब्र काढण्याची मात्र कोणाची छाती होत नाही, अशा राजाशी नायक लढू लागले की वाचकाची पंचाईत होते. डूमच्या चांगल्या कथा या पंचाइतीवरच उभ्या आहेत.

मार्व्हल या अमेरिकी प्रकाशनसंस्थेसाठी लेखक स्टॅन ली आणि चित्रकार जॅक कर्बी यांनी डूमला ‘फॅन्टॅस्टिक फोर’ या चौघा अतिमानवी नायकांच्या मालिकेच्या पाचव्या अंकात, म्हणजे जुलै 1962 च्या अंकात, प्रथम आणले. त्या कथेत तो नायकांना कालयंत्रातून मागे पाठवून ब्लॅकबिअर्ड या समुद्री चाच्याचा खजिना आणायला लावतो. आज ती कथा बरीचशी पोरकट वाटते. दहाव्या अंकात तर तो थेट ली आणि कर्बी यांच्याच कचेरीत जाऊन थडकतो. खऱ्या अर्थाने डूम घडला तो 1964 च्या दुसऱ्या वार्षिकांकात. पूर्व युरोपातल्या लॅटव्हेरिया या काल्पनिक देशात, भटक्या रोमा लोकांमध्ये व्हिक्टरचा, म्हणजेच डूमचा, जन्म झाला. वैद्यकी करणाऱ्या वडिलांना तिथल्या उमरावाच्या मरणासन्न पत्नीला वाचवता आले नाही, म्हणून त्यांना मुलाला घेऊन ऐन थंडीत डोंगरात पळावे लागले आणि अंगावरच्या कपड्यांत मुलाला लपेटून ते स्वतः गारठून मेले. चेटूकविद्या जाणणारी आई सिंथिया त्याआधीच गेलेली होती. तिचा आत्मा मेफिस्टो या सैतानाच्या तावडीत आहे ही गोष्ट पुढच्या लेखकांनी रचली, पण ती इतकी चपखल बसली की आज मूळ कथेचाच भाग वाटते.

शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेत शिकायला गेलेल्या या तरुणाने परलोकाशी संपर्क साधणारे यंत्र बांधले. त्याच्या आकडेमोडीत चूक असल्याचे रीड रिचर्ड्स या सहाध्यायाने (हाच पुढे ‘फॅन्टॅस्टिक फोर’चा म्होरक्या झाला) सांगितले, ते त्याने धुडकावले, यंत्राचा स्फोट झाला आणि चेहरा भाजला. पुढे तिबेटच्या डोंगरातल्या भिक्षूंकडून चिलखत घडवून घेताना, धातूचा मुखवटा पुरता थंड होण्याचीही वाट न पाहता त्याने तो तोंडावर चढवला. कर्बीच्या कल्पनेप्रमाणे त्या स्फोटाने डूमच्या चेहऱ्यावर केवळ एक बारीक व्रण उठला होता आणि तेवढाही डाग त्याला सोसवला नाही. जॉन बर्न या लेखक-चित्रकाराने पुढे 1980 च्या दशकात दोन्ही गोष्टींचा मेळ घातला : व्रण बारीकच होता, चेहरा खरा जळाला तो तापलेल्या मुखवट्याने. या एका दुरुस्तीने पात्र मला नव्याने कळले, असे मी म्हणेन. जगाने विद्रूप केलेला माणूस आणि आपल्या अहंकारापायी स्वतःला विद्रूप करून घेऊन त्याचे खापर आयुष्यभर मित्राच्या माथी फोडणारा माणूस, यांतला दुसराच अधिक भयंकर आणि अधिक ओळखीचा आहे.

बर्नचेच आणखी एक काम इथे सांगायला हवे, कारण डूम हा निव्वळ खलनायक की प्रतिनायक (इंग्रजीत ‘अँटी-हीरो’), या वादात ते नेहमी पुढे केले जाते. 1978 मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या दोनशेव्या अंकात नायकांच्या मदतीने डूमला पदच्युत करून झोर्बा हा जुन्या राजघराण्यातला राजपुत्र लॅटव्हेरियाच्या गादीवर बसतो. अंक संपतो, वाचक सुटकेचा निःश्वास टाकतो. चार वर्षांनी, 247 व्या अंकात, बर्न त्याच नायकांना पुन्हा लॅटव्हेरियात आणतो, तेव्हा झोर्बाच्या राज्यात प्रजेची वाताहत झालेली असते आणि लोक डूमच्या दिवसांची आठवण काढत असतात. अखेर ज्याला हटवले त्यालाच गादी परत मिळवून द्यायला नायकांना हातभार लावावा लागतो. बर्नने डूमला निर्दोष ठरवलेले नाही. झोर्बाचा जीव डूमच घेतो आणि तो कसा घेतो तेही दाखवले आहे. पण हुकूमशहा गेला म्हणजे आपोआप रामराज्य येते, या भाबड्या समजुतीला चित्रकथेच्या पानांवर इतक्या लवकर तडा गेला होता, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

याच प्रश्नाची दुसरी बाजू 1987 च्या ‘एम्परर डूम’ या सलग कथेत आहे. डेव्हिड मिशेलिनी यांची पटकथा आणि बॉब हॉल यांची चित्रे असलेल्या या पुस्तकात डूम सगळ्या मानवजातीच्या मनावर ताबा मिळवतो आणि जग खरोखर सुधारते. युद्धे थांबतात, भूक हटते. मग सम्राटासमोर कागदपत्रांचे ढीग येऊ लागतात आणि त्याला कंटाळा येतो! लढायला कोणी उरले नाही की या माणसाला स्वतःच्या यशातही रस राहत नाही. चिलखत घातलेला सम्राट टेबलापाशी बसून मंजुऱ्या देतो आहे, हे चित्र एखाद्या जिल्हाधिकारी कार्यालयात खेटे घातलेल्या वाचकाला हसवेल, पण कथेने डूमचे वर्मच त्यात नेमके पकडले आहे.

इथे प्रतिनायकाविषयी थोडे बोलतो. आमच्या पिढीतले अनेक वाचक इंद्रजाल कॉमिक्सवर वाढले. 1964 ते 1990 या काळात निघालेल्या त्या अंकांतला वेताळ मराठीतूनही घरोघरी पोहोचला होता. तिथे चांगले कोण आणि वाईट कोण, यात गोंधळ नव्हता. म्हणूनच डूमसारखे पात्र पहिल्यांदा हाती येते तेव्हा वाचक त्याचा वाल्याचा वाल्मीकी कधी होतो याची वाट पाहू लागतो. दुर्दैवाने अनेक लेखकही तीच वाट पाहत असतात. डिसेंबर 2001 च्या ‘अमेझिंग स्पायडर-मॅन’च्या 36 व्या अंकात, न्यूयॉर्कचे जुळे मनोरे कोसळल्यानंतरच्या ढिगाऱ्यापाशी उभ्या असलेल्या डूमच्या डोळ्यांत पाणी दाखवले होते. अंकामागची भावना प्रामाणिक होती, पण परक्या देशांवर स्वाऱ्या केलेला, अख्ख्या शहरांना वेठीस धरलेला हा माणूस तिथे रडतो हे मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

याउलट रॉजर स्टर्न यांनी लिहिलेली आणि माइक मिन्योला यांनी रेखाटलेली 1989 ची ‘ट्रायम्फ अँड टॉरमेंट’ ही कथा पाहावी. डूम दरवर्षी एका ठरलेल्या रात्री आईच्या आत्म्याच्या सुटकेसाठी सैतानाच्या योद्ध्याशी लढतो आणि हरतो. डॉक्टर स्ट्रेंज या मांत्रिकाकडून वचन मिळवून तो त्याला नरकात घेऊन जातो आणि तिथे आईच्या मोबदल्यात स्ट्रेंजचाच आत्मा सैतानाला देऊ करतो. आपला मुलगा इतका नीच झालेला पाहून आई ती सुटका नाकारते, आणि त्या नकारानेच तिचा आत्मा शुद्ध होऊन मुक्त होतो. हे असेच घडणार हे डूमला आधीपासून ठाऊक होते. आई सुटते, पण मुलाचा तिरस्कार करतच जाते आणि तो खुलासा करत नाही. इथे डूमबद्दल गलबलून येते, तरी त्याच्या हातून एकही सरळ काम झालेले नसते. प्रतिनायक हा शब्द मी अशाच कथेसाठी राखून ठेवतो.

दुसऱ्या टोकाला मार्क वेड आणि माइक वेरिंगो यांची 2003 ची ‘अनथिंकेबल’ ही कथा आहे. त्यात डूम जादूचे सामर्थ्य मिळवण्यासाठी आपल्या पहिल्या प्रेयसीचा, व्हॅलेरियाचा, बळी देतो. डूम उदात्त वगैरे काही नाही, हे वेड यांना वाचकाच्या मनावर ठसवायचे होते आणि ते त्यांनी ठसवलेही. कथा म्हणून ती जबरदस्त आहे, परंतु त्यानंतर काही काळ डूमकडे दुसऱ्या कोणत्याही नजरेने पाहणे अवघड होऊन बसले. रडणारा डूम आणि राक्षस डूम अशी दोन टोके लेखकांनी धरून ठेवली की मधला राज्यकर्ता हरवतो.

आता आगामी दर्शनांकडे वळतो, कारण पत्र लिहिण्याचे खरे निमित्त तेच आहे. गेल्या दशकभरात डूमचा वावर वाढत गेला आहे. जोनाथन हिकमन आणि एसाद रिबिच यांच्या 2015 च्या ‘सीक्रेट वॉर्स’मध्ये सगळी विश्वे नष्ट होत असताना उरलेसुरले तुकडे जोडून एक जग डूम तगवतो आणि त्या जगाचा देव होऊन बसतो, आपल्या जागी रीड असता तर त्याने हे अधिक चांगले केले असते, ही कबुली नऊ अंकांच्या शेवटी त्याच्या तोंडून येते, तेव्हा इतक्या वर्षांच्या वैराचे मूळ उघडे पडते. नंतर 2016 मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि अ‍ॅलेक्स मालेव्ह यांच्या मालिकेत बऱ्या झालेल्या चेहऱ्याने तो चक्क आयर्न मॅनचे चिलखत घालून सत्कार्य करायला निघाला. आपल्या लेखात ज्या योगायोगाचे एवढे कौतुक होते, तो कागदावर असा आधीच घडून गेला आहे. 2024 च्या ‘ब्लड हंट’मध्ये रक्तपिपासूंचे संकट टाळण्यासाठी स्ट्रेंजने आपले सर्वश्रेष्ठ मांत्रिकाचे पद डूमला तात्पुरते दिले आणि काम झाल्यावर डूमने ते परत करायला साफ नकार दिला. त्यातून 2025 ची ‘वन वर्ल्ड अंडर डूम’ ही नऊ अंकांची मालिका निघाली. रायन नॉर्थ यांनी लिहिलेल्या आणि आर. बी. सिल्वा यांनी रेखाटलेल्या या मालिकेत डूम स्वतःला जगाचा सम्राट घोषित करतो आणि मोफत शिक्षण, मोफत उपचार अशा घोषणा करतो, त्यामुळे त्याला विरोध नेमका कशासाठी करायचा हे सांगताना नायकांची जीभ अडखळते. तिचा शेवट मी इथे सांगणार नाही, कारण ती मालिका अजून हाती न आलेले वाचक पुष्कळ असणार. खारींची फौज घेऊन लढणाऱ्या स्क्विरल गर्ल या नायिकेची मालिका लिहून नॉर्थ प्रसिद्ध झाले आणि त्या नायिकेने आपल्या पहिल्याच कथेत डूमला खारींकरवी हरवले होते, एवढे मात्र सांगायलाच हवे. अशा विनोदी लेखकाने डूमला इतक्या गांभीर्याने हाताळावे याचे मला कौतुक वाटले.

चित्रपट जवळ येईल तसा डूम आणखी अंकांतून दिसेल, यात शंका नाही. त्या बातम्या कशा येतात हे आपल्या वाचकांना कळले तर त्यांची फसगत टळेल. अमेरिकेतले प्रकाशक साधारण तीन महिने आधी येणाऱ्या अंकांची यादी जाहीर करतात. त्यात मुखपृष्ठ, लेखक-चित्रकारांची नावे आणि चार ओळींची जाहिरात असते. चित्रकथांच्या दुकानदारांना याच यादीवरून मागणी नोंदवावी लागते आणि न खपलेले अंक बहुधा परत करता येत नाहीत. साहजिकच त्या चार ओळी अंक खपवण्यासाठी लिहिलेल्या असतात, कथा सांगण्यासाठी नव्हे. एकाच अंकाची अनेक मुखपृष्ठे निघतात आणि त्यांतल्या एखाद्यावर डूम झळकला म्हणजे तो आत असेलच असे नाही. आत असला तरी तो खराच डूम असेल याचीही हमी नसते, कारण हुबेहूब त्याच्यासारखे दिसणारे यंत्रमानव तो सर्वत्र पेरून ठेवतो. एका कथेत आर्केड नावाच्या किरकोळ खलनायकाने डूमच्या चिलखतावर काडी ओढून पेटवली होती. हा अपमान बर्नला इतका झोंबला की 1983 मध्ये ‘फॅन्टॅस्टिक फोर’च्या 258 व्या अंकात त्याने तो डूम नसून यंत्रमानव होता असे जाहीर करून टाकले. त्या अंकात शीर्षकातले चौघे नायक दिसतच नाहीत, डूमचा एक नेहमीचा दिवस तेवढा दिसतो, आणि तरीही तो डूमवरच्या सर्वोत्तम अंकांपैकी एक आहे. आगामी अंकांच्या यादीत डूमचे नाव किती वेळा आले हे मोजत बसणाऱ्यांनी हा अंक जरूर वाचावा.

माझी खरी काळजी वेगळी आहे. चित्रपट चालला की चित्रकथेने त्याच्या मापाने स्वतःला कापून घ्यायचे, हे याआधी झालेले आहे. पडद्यावर सॅम्युअल जॅक्सन यांनी निक फ्युरी या मार्व्हलच्या गुप्तहेराची भूमिका केल्यानंतर चित्रकथेत जुन्या फ्युरीचा त्यांच्यासारखा दिसणारा मुलगा शोधून काढण्यात आला आणि 2012 पासून तोच त्या नावाने वावरू लागला. डूमच्या बाबतीत असे झाले तर मुखवट्यामागे आयर्न मॅनशी काही नाते असलेला चेहरा येईल, आणि मग लॅटव्हेरिया, रोमा आईवडील, बारीक व्रण, नरकातली आई, सगळे अडगळीत जाईल. याआधीच्या चित्रपटांनी असेच केले होते. 2005 च्या चित्रपटात ज्युलियन मॅकमहोन यांनी साकारलेला डूम हा बडा उद्योगपती होता, राजा नव्हे. ज्याच्यामागे प्रजा नाही, सीमा नाही, राजवाडा नाही, असा डूम म्हणजे श्रीमंत आणि चिडखोर इसम, बाकी काही नाही. जुलै 2025 मधल्या ‘फॅन्टॅस्टिक फोर : फर्स्ट स्टेप्स’मध्ये राष्ट्रांच्या सभेत लॅटव्हेरियाची रिकामी जागा दाखवली आणि श्रेयनामावलीच्या मध्ये, हातात मुखवटा घेतलेला डूम रीडच्या लहानग्या मुलाजवळ, फ्रँकलिनजवळ, दिसला, तेव्हा मला थोडी आशा वाटली. निदान या वेळी निर्मात्यांनी त्याला देश तरी दिलेला आहे.

त्या देशात काय दाखवतात यावर मी चित्रपट आणि त्याच्या मागेपुढे येणारे अंक जोखणार आहे. लॅटव्हेरियाचा सामान्य माणूस, म्हणजे तिथला पाववाला किंवा शाळामास्तर, डूमविषयी काय बोलतो, आणि कोणी ऐकत नाही अशी खात्री पटल्यावर काय बोलतो, हे दाखवले तर डूम खरा. तसे नसेल तर मुखवट्यामागे कोणता नामांकित अभिनेता आहे याने फरक पडत नाही.

आपल्याला विनंती एवढीच की डिसेंबरपर्यंत या विषयावर आणखी लेख येतील तेव्हा निदान एका लेखात 247 वा अंक, ‘एम्परर डूम’ आणि ‘ट्रायम्फ अँड टॉरमेंट’ यांची ओळख करून द्यावी. शेवटची दोन तर पूर्ण पुस्तकांच्या रूपात आहेत, त्यामुळे मागचेपुढचे अंक शोधत बसावे लागत नाही; आणि ज्यांना नव्या मालिका हव्या आहेत त्यांच्यासाठी, मार्व्हलच्या डिजिटल ग्रंथालयात छापील अंक निघाल्यानंतर साधारण तीन महिन्यांनी तेच अंक वर्गणीदारांना वाचता येतात, हेही त्यात सांगता येईल. लेख लिहायला कोणी मिळत नसेल तर मी लिहून द्यायला तयार आहे. शब्दमर्यादा मात्र आधी कळवावी, कारण हे पत्रच अपेक्षेपेक्षा लांबले आहे.

कळावे.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा